नोकरीच्या यादीतून नाव गळालं तेव्हा: एका मोफत लॉ सेंटरचा अनुभव

इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका लॉ सेंटरबद्दल, म्हणजे कायद्याची मोफत मदत देणाऱ्या केंद्राबद्दल, लिहिते आहे. मार्च २०२४ ते फेब्रुवारी २०२५ असे अकरा महिने मी त्यांची मदत घेतली, तीही एक पेनी न देता. ५ पैकी ४ तारे. केंद्राचं नाव लिहिता येत नाही, कारण नोकरभरतीतल्या वंशभेदाबद्दल ज्या संस्थेविरुद्ध मी दाद मागितली तिचं नाव उघड करणार नाही असं मी लेखी मान्य केलं आहे. केंद्रावरून शहर आणि शहरावरून ती संस्था ओळखणं अवघड नाही. पण अशी लॉ सेंटर इथल्या अनेक शहरांत आहेत. पहिलं १९७० साली लंडनच्या नॉर्थ केन्झिंग्टनमध्ये एका जुन्या खाटकाच्या दुकानात सुरू झालं. आपल्या मराठी मंडळींपैकी फार थोड्यांना ती ठाऊक असतात, म्हणून हे सविस्तर.

मी मूळची सांगलीची. भोसरीच्या एका कारखान्यात पाच वर्षं अकाउंट्स बघितले, लग्नानंतर इकडे आले, आणि इथल्या एका घाऊक मालाच्या कंपनीत सहा वर्षं पर्चेस लेजर सांभाळते आहे. जानेवारी २०२४ मध्ये शहरातल्या एका मोठ्या संस्थेत फायनान्स ऑफिसरची जागा निघाली. जाहिरातीत सहा आवश्यक निकष होते, त्यातला तिसरा म्हणजे लेजर आणि महिनाअखेरीच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. माझ्या शेजारच्या टेबलावरची सहकारी, इथलीच, गोरी, हिनेही अर्ज करायचं ठरवलं. तिला दोन वर्षं झाली होती. बँक जुळवणी तिला मीच शिकवली. आम्ही दोघींनी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये एकत्र बसून फॉर्म भरले, एकमेकींची वाक्यं दुरुस्त केली.

४ मार्चला, सोमवारी, तिला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि मला नकार. इतर उमेदवार निकषांशी अधिक जुळले, एवढंच एक वाक्य. ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "तुलाही आलं ना?" मी फोन तिच्यापुढे धरला. तिनं तो दोनदा वाचला आणि काही न बोलता माझ्या शेजारी बसली. तो दिवस मी विसरणार नाही.

घरी आल्यावर आईला फोन केला. आई म्हणाली, "कशाला त्यांच्या नादी लागतेस, बाळा? परक्या मुलखात आहेस. दुसरीकडे बघ." नवऱ्याला काळजी वेगळीच: सध्याच्या कंपनीला कळलं तर? दोघांचंही मला पटत होतं आणि तरी रात्री झोप येत नव्हती. मग सहकारीनेच या केंद्राचा नंबर आणून दिला.

आता केंद्राबद्दल, आणि आधी कापलेल्या ताऱ्याबद्दल. फोन फक्त मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी १० ते १२. मंगळवारी लागलाच नाही. गुरुवारी, ७ तारखेला, पन्नास मिनिटं कानाला लावून बसल्यावर लागला. पलीकडच्या मुलीनं माझं उत्पन्न विचारलं, पत्ता विचारला, विषय विचारला आणि तीन आठवड्यांनंतरची वेळ दिली. नकार कधी आला हे तिनं विचारलं नाही. हा त्यांचा सगळ्यात मोठा दोष आहे आणि तो मी त्यांना लेखी कळवला आहे. कारण या प्रकारच्या तक्रारीला मुदत असते. माझ्या वेळी ती तीन महिन्यांत एक दिवस कमी एवढी होती. त्यातले २४ दिवस मी काही न कळता घालवले. मी फोन केला त्या आठवड्यात एखाद्या बाईला मुदत संपायला दहा दिवस उरले असते, तर तिचं काय झालं असतं?

२८ मार्चला गेले. बसस्टॉपच्या वर पहिल्या मजल्यावर तीन खोल्या, जिन्यात ओल, भिंतीवर सहा भाषांतली पत्रकं. त्यात गुजराती, पंजाबी, बंगाली होती, मराठी नव्हतं. माझं काम बघणाऱ्या सल्लागार बाई पन्नाशीच्या, कॅरिबियन घराण्यातल्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, "नकार कोणत्या तारखेला कळला?" तारीख सांगितल्यावर त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, बोटानं दिवस मोजले आणि ३ जूनवर लाल गोल केला. मग कोऱ्या कागदावर मधोमध उभी रेघ मारली. एका बाजूला "वाटतं", दुसऱ्या बाजूला "माहीत आहे". मी तासभर बोलले. पहिल्या रकान्यात पानभर मजकूर झाला आणि दुसऱ्यात तीन ओळी.

मला राग आला होता, हे खरं सांगते. आपल्याकडे म्हणतात ना, हातच्या काकणाला आरसा कशाला. शेजारी बसून भरलेले दोन फॉर्म, मी जिला काम शिकवलं तिला बोलावणं आणि मला नकार, आणखी काय हवं? बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुमच्यावर विश्वास ठेवायला मला हे पुरेसं आहे. न्यायाधीशाला पुरेसं नाही."

मग त्यांनी कायदा समजावला, आणि तो इतका नीट समजावला की मी नंतर घरी नवऱ्याला जसाच्या तसा सांगू शकले. इंग्लंडचा २०१० चा समानता कायदा वंश या शब्दात रंग, राष्ट्रीयत्व, वांशिक मूळ आणि राष्ट्रीय मूळ हे सगळं धरतो. तो नोकरीत असलेल्यांपुरता नाही. कुणाला मुलाखतीला बोलवायचं हे ठरवण्यालाही तो लागू आहे. आणि त्याच्या १३६ व्या कलमात पुराव्याचा भार दोन टप्प्यांत वाटलेला आहे. दुसरं काही स्पष्टीकरण नसेल तर इथे भेदभाव झाला असं म्हणता येईल, एवढी तथ्यं आधी अर्जदारानं मांडायची. ती मांडली गेली की भार फिरतो, आणि भेदभाव झाला नाही हे मालकाला सिद्ध करावं लागतं. नाही करता आलं तर निकाल अर्जदाराच्या बाजूनं. पण पहिला टप्पा स्वतःच चढावा लागतो. मी तपकिरी, ती गोरी, तिला बोलावलं, मला नाही, एवढ्यानं तो चढून होत नाही. आणखी काहीतरी लागतं.

ते "आणखी काहीतरी" म्हणजे काय, हे त्यांनी दोन खटल्यांतून सांगितलं. माझ्या मते त्या खोलीत मला मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

पहिला खटला किंगबाईंचा, १९९१ सालचा, अपील कोर्टातला. या बाई चिनी वंशाच्या, शिक्षण ब्रिटनमध्ये. ग्रेट ब्रिटन-चायना सेंटर नावाच्या संस्थेत उपसंचालकाची जागा होती. चिनी बोलता यायला हवी आणि चीनची प्रत्यक्ष माहिती हवी, अशा अटी होत्या. दोन्ही त्यांच्यापाशी होत्या. तरी मुलाखतीच्या यादीत त्या नव्हत्या. यादीत आठ जण होते आणि आठही गोरे. चिनी वंशाच्या पाच जणांनी अर्ज केले होते, त्यातल्या एकालाही बोलावलं नव्हतं. आणि त्या संस्थेनं तोवर चिनी वंशाच्या कुणालाही कधी नोकरीवर ठेवलेलं नव्हतं. उघड काही बोललेलं, लिहिलेलं कुणाला सापडलं नाही. पण कोर्टानं म्हटलं की असा पुरावा सरळ हाती लागणं दुर्मिळच, कारण भेदभाव करणारा तो स्वतःशीसुद्धा कबूल करत नाही. म्हणून तथ्यांवरून अनुमान काढावं लागतं. किंगबाई जिंकल्या. पात्रता पूर्ण, यादीची रचना, संस्थेचा इतिहास आणि मालकाचं न पटणारं स्पष्टीकरण, या चार गोष्टींवर.

दुसरा खटला इफोबी यांचा. २०२१ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. हे नायजेरियात जन्मलेले, संगणकाचं उच्च शिक्षण घेतलेले आणि रॉयल मेलमध्ये पोस्टमनचं काम करणारे. त्याच संस्थेत आयटी आणि व्यवस्थापनाच्या ३० हून जास्त जागांसाठी त्यांनी अर्ज केले, सगळीकडे नकार. निवड करणारी माणसं साक्षीलाही आली नाहीत. मला वाटलं, हे तर जिंकलेच असणार. ते हरले. ज्यांना त्या नोकऱ्या मिळाल्या ते कोण होते, त्यांची पात्रता काय, वंश कोणता, याबद्दल ट्रायब्युनलपुढे, म्हणजे नोकरीचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढे, काही नव्हतं. तुलनेला कुणी नाही म्हटल्यावर पहिला टप्पाच पार झाला नाही. साक्षीदार आले नाहीत यावरून ट्रायब्युनल वाईट अनुमान काढू शकतं, पण काढलंच पाहिजे असं नाही, असंही कोर्टानं म्हटलं.

हे सांगून झाल्यावर बाईंनी माझ्या तीन ओळींच्या रकान्याकडे बोट दाखवलं. "इफोबींकडे नव्हतं ते तुमच्याकडे आहे. ती तुमच्या शेजारी बसते."

त्याच दिवशी त्यांनी मला माहितीची प्रत मागणारा अर्ज कसा लिहायचा ते शिकवलं. इथे त्याला सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट म्हणतात. आपल्या माहिती अधिकारासारखाच, पण दोन फरक: तो खासगी कंपनीलाही लागू आहे आणि त्यात फक्त स्वतःबद्दलची माहिती मिळते. पैसे पडत नाहीत, आणि साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. माझ्या अर्जावर दिलेले गुण, परीक्षकांच्या टिपा, माझ्याबद्दलचे ईमेल, असं नेमकं नाव घेऊन मागायला त्यांनी सांगितलं. मोघम मागितलं तर मोघम मिळतं. मी त्याच रात्री ईमेल केला. आणि माझ्या सहकारीनं, मी न सांगता, स्वतःच्या नावानं तसाच दुसरा अर्ज टाकला. तिला मुलाखतीनंतर ती नोकरी मिळाली नव्हती, पण म्हणून तिनं हे केलं नाही. तिचे गुण मला फक्त तीच दाखवू शकत होती.

२६ एप्रिलला माझं पाकीट आलं. सहा निकष, प्रत्येकाला ४ गुण, एकूण २४. मुलाखतीसाठी किमान १६ हवेत असं कागदाच्या डोक्यावरच छापलेलं. दोन परीक्षक. पहिल्यानं मला १९ दिले होते. दुसऱ्यानं कमी, आणि शेवटी दोघांचा मिळून जो आकडा ठरला तो १४. तिसऱ्या निकषाला, म्हणजे लेजरच्या अनुभवाला, पहिल्याचे ३ होते ते शेवटी १ झाले होते, आणि समासात पेनानं लिहिलं होतं, "बहुतेक अनुभव परदेशी." माझी इथली सहा वर्षं अर्जाच्या पहिल्या पानावर होती. भोसरीची पाच दुसऱ्या पानावर. सहाव्या निकषाला, लेखी संवादाला, ३ चा १ झाला होता, आणि तिथे कारणच दिलेलं नव्हतं.

चार दिवसांनी सहकारीचा कागद आला. तिसऱ्या निकषाला ३ गुण. दोन वर्षांच्या अनुभवाला, जिथे किमान तीन मागितली होती. सहाव्यालाही ३, आणि तिच्या त्या उत्तरातली निम्मी वाक्यं मी दुरुस्त केलेली होती.

ते दोन कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तेव्हा मला रडू आलं. आनंद, राग, अपमान, काय होतं ते सांगता येणार नाही. महिनाभर मी स्वतःला विचारत होते की आपलं इंग्रजी खरंच कमी पडलं का.

पुढच्या भेटीला मी हे कागद तर नेलेच, शिवाय एक जाड फाईल नेली. इंटरनेटवरून शोधून काढलेले अभ्यास. २००९ मध्ये ब्रिटनच्या सरकारी खात्यासाठी झालेली चाचणी: सारख्याच पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवले, आणि गोरं वाटणाऱ्या नावाला एक होकार मिळायला ९ अर्ज लागले, अल्पसंख्याक वाटणाऱ्या नावाला १६. दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, ऑक्सफर्डच्या नफील्ड कॉलेजमधल्या संशोधकांनी सुमारे ३,२०० अर्जांवरून तेच मांडलं: गोऱ्या ब्रिटिशांपैकी २४ टक्क्यांना प्रतिसाद, अल्पसंख्याकांपैकी १५ टक्क्यांना. मला वाटलं होतं बाई खूश होतील. त्यांनी फाईल आदरानं चाळली आणि बाजूला ठेवली. "हे देशाबद्दल सांगतं. त्या खोलीत, त्या दुपारी, त्या दोन माणसांनी काय केलं ते सांगत नाही." सरासरीवरून एका माणसाचा निर्णय सिद्ध होत नाही. त्याच संस्थेच्या भरतीचे आकडे मात्र कामाचे असतात. सिंग नावाच्या एका कर्मचाऱ्यानं वेस्ट मिडलंड्सच्याच परिवहन मंडळाविरुद्ध १९८० च्या दशकात अपील कोर्टातून तेवढं मिळवून ठेवलं आहे की, कोणत्या वंशाच्या किती जणांनी अर्ज केले आणि किती निवडले हे आकडे मालकाकडून मागता येतात.

त्या फाईलमध्ये आणखी एक कागद होता, तो मी बाईंना दाखवला नाही. २००७ सालचा, आपल्याकडचा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी भारतातल्या खासगी कंपन्यांना सारख्या शिक्षणाचे अर्ज पाठवले होते, उच्चवर्णीय, दलित आणि मुसलमान आडनावांनी. दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या साधारण दोन तृतीयांश निघाली, मुसलमान नावाला एक तृतीयांश. तो वाचताना मला भोसरी आठवली. तिथे अकाउंट्सला माणूस हवा असला की अर्जांचा गठ्ठा माझ्याकडे यायचा, मी तो लावून साहेबांना द्यायची, आणि साहेब शिक्षण बघायच्या आधी आडनाव बघून काही अर्ज खाली सरकवायचे. मला ते दिसायचं. मी पाच वर्षं काही बोलले नाही. माझं आडनाव सांगलीत सरळ वरच्या ढिगात जाणारं होतं. इथे ते फक्त लांब आणि परकं आहे. या गोष्टीची मला लाज वाटते, आणि ती इथे लिहिल्याशिवाय माझी बाजू मांडणं मला खोटं वाटलं असतं.

सल्लागार बाई कमकुवत बाजूही तितक्याच मोकळेपणानं सांगायच्या. "परदेशी" हा शब्द वंशाचा शब्द नाही, ते म्हणतील आम्हाला ब्रिटिश व्हॅटची माहिती हवी होती, असं त्यांनी आधीच बजावलं. म्हणून दावा दोन पायांवर उभा केला. एक, थेट भेदभाव: दोन वर्षंवाल्या गोऱ्या उमेदवाराला ३, अकरा वर्षंवालीला १, आणि पहिलं पान न वाचता मारलेला शेरा. दोन, अप्रत्यक्ष भेदभाव: परदेशातला अनुभव धरायचाच नाही अशी त्यांची पद्धत असेल, तर ती सगळ्यांना सारखीच लावली तरी माझ्यासारख्यांचंच नुकसान करते, आणि तिचं समर्थन मालकाला करावं लागतं. पूर्वी अर्जदारानं मालकाला प्रश्न विचारायचा एक अधिकृत नमुना असायचा, तो २०१४ च्या एप्रिलमध्ये बंद झाला. पण साध्या पत्रानं प्रश्न आजही विचारता येतात, आणि उत्तर टाळलं तर ट्रायब्युनल ते लक्षात घेऊ शकतं. आम्ही नऊ प्रश्न विचारले. गुण का बदलले याचं उत्तर आलं, "सविस्तर चर्चेनंतर". चर्चेची नोंद मागितली तर ती नव्हती.

नवऱ्याच्या काळजीचंही उत्तर तिथेच मिळालं. भेदभावाची तक्रार केली म्हणून, किंवा तक्रार करणाऱ्याला साक्ष दिली म्हणून कुणाला त्रास देणं हाच त्या कायद्यात वेगळा गुन्हा धरावा तसा स्वतंत्र दाव्याचा विषय आहे. हे ऐकल्यावर सहकारीनं तिचा जबाब सही करून दिला. दीड पान. त्यात शेवटी तिनं लिहिलं होतं की हे काम मला हिनं शिकवलं.

ट्रायब्युनलमध्ये जाण्याआधी एकॅस या सरकारी पैशावर चालणाऱ्या पण स्वतंत्र संस्थेकडे समेटासाठी कळवावंच लागतं. आम्ही २० मे रोजी कळवलं आणि तिथे मुदतीचं घड्याळ थांबलं. माझ्या वेळी हा समेटाचा काळ सहा आठवड्यांचा होता. फोनवर एक मध्यस्थ दोन्ही बाजूंशी बोलतो, कुणाची बाजू घेत नाही, सल्ला देत नाही. मला आधी ते कोरडं वाटलं, नंतर त्याचा उपयोग कळला: माझं म्हणणं पलीकडे माझ्या आवाजातल्या थरथरीशिवाय पोचत होतं. सहा आठवड्यांत काही जमलं नाही. १९ जुलैला दावा दाखल केला. त्याला फी नाही. २०१३ ते २०१७ या काळात होती, भेदभावाच्या दाव्याला सुनावणीपर्यंत १,२०० पौंड. युनिसन या कामगार संघटनेनं लढून सुप्रीम कोर्टाकडून ती बेकायदा ठरवून घेतली. माझ्या तेव्हाच्या परिस्थितीत १,२०० पौंड मागितले असते तर मी २८ मार्चलाच जिना उतरून घरी गेले असते.

पैशाबद्दल केंद्रानं खोटी आशा दाखवली नाही, हे मुद्दाम सांगते. भावनांना पोचलेल्या इजेची भरपाई ठरवताना तीन पट्टे असतात. त्यातला खालचा तेव्हा १,२०० ते ११,७०० पौंडांचा होता, आणि माझं प्रकरण त्यात किंवा मधल्या पट्ट्याच्या सुरुवातीला बसेल असं त्यांनी सांगितलं. बुडालेल्या पगाराची भरपाई पूर्ण मिळत नाही, कारण मुलाखतीला बोलावलं असतं तरी नोकरी मिळालीच असती असं नाही. ती शक्यता टक्क्यांत धरतात आणि तेवढाच हिस्सा देतात. मी हे सगळं आधी ऐकलं होतं, म्हणून नंतर निर्णय घेताना गोंधळले नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये, सुनावणीच्या आधी, एकॅसच्याच मध्यस्थीनं तडजोड झाली. रक्कम सांगायची नाही असं ठरलं आहे. त्यांनी भेदभाव मान्य केला नाही. पण दोन गोष्टी मी लेखी घेतल्या: यापुढे गुण देताना अर्जावरचं नाव झाकलेलं असेल, आणि ठरलेला गुण कुणी बदलला तर कारण आणि सही तिथेच करावी लागेल. पहिल्या मागणीला ते लगेच हो म्हणाले. दुसरीवर पाच आठवडे अडले.

म्हणजे सिद्ध झालं का? नाही. निकाल लागलाच नाही, आणि त्याची खंत मला आहे. तडजोडीच्या दिवशी मी बाईंना विचारलं की लढलो असतो तर जिंकलो असतो का. त्या म्हणाल्या, "भार फिरला असता असं मला वाटतं. पुढचं सांगता येत नाही." एवढ्या अकरा महिन्यांनंतरही त्यांनी "वाटतं" आणि "माहीत आहे" यांच्यातली रेघ पुसली नाही.

इतर उणिवा: पूर्ण प्रकरणात माझी सल्लागार एकच राहिली हे नशीब, पण ऑगस्टमध्ये त्या तीन आठवडे रजेवर होत्या तेव्हा माझ्या ईमेलला कुणी उत्तर दिलं नाही. जिना अवघड आहे, गुडघ्यांचा त्रास असेल तर खाली भेटायची सोय आधी मागून घ्यावी. कर्मचारी थोडे, माणसं फार. उत्पन्नाची अट प्रत्येक केंद्राची वेगळी असते, तिथे बसत नसाल तर मोफत सल्ला देणारी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस आहे, आणि समानतेच्या प्रश्नांसाठी सरकारी हेल्पलाइनही आहे, तिथे सल्ला मिळतो पण तुमच्या वतीनं कुणी उभं राहत नाही. जाताना जाहिरातीची प्रत न्या. बहुतेक जण अर्ज आणि नकार जपून ठेवतात, जाहिरात नाही, आणि ती वेबसाइटवरून लवकर निघून जाते. निकष काय होते हेच दाखवता आलं नाही, तर आपण ते पूर्ण करत होतो हे कसं दाखवणार?

फोनच्या तक्रारीवर केंद्राचं पत्र आलं. आता फोन उचलणारे पहिल्यांदा तारीख विचारतात असं त्यांनी लिहिलं आहे.

मागच्या रविवारी गणपतीच्या तयारीच्या बैठकीत कोल्हापूरकडची एक मुलगी भेटली. लॅबमध्ये काम करते, दोन वर्षं झाली येऊन. भांडी आवरताना सहज म्हणाली, "ताई, सात ठिकाणी अर्ज केले, कुठेच बोलावत नाहीत. शेवटच्या ठिकाणी तर माझ्याच हाताखालच्या मुलाला बोलावलं." मी हात पुसले आणि तिला विचारलं, नकार कोणत्या तारखेला आला. तिनं फोन काढून बघितलं. एकोणीस दिवस झाले होते.